बर्फ, चंद्र आणि पत्र्याचं छत: अल्बेडो नेमकं काय ठरवतो?

प्रश्न बीएस्सीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: 'पृष्ठभाग जितका पांढरा तितका ग्रह थंड, एवढंच अल्बेडोचं गणित आहे का? तसं असेल तर सगळ्यात उजळ शुक्र भट्टीसारखा का तापलाय? चंद्राचा अल्बेडो जुन्या डांबरी रस्त्याइतका कमी आहे म्हणतात, मग तो पांढराशुभ्र का दिसतो? आणि गच्च्या पांढऱ्या रंगवल्या तर तापमानवाढ थांबेल का?'

अल्बेडो म्हणजे पडलेल्या प्रकाशातला परतणारा हिस्सा. चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गेली वीस-बावीस वर्षं मी बर्फावर आणि जमिनीवर पडणारा आणि तिथून परतणारा सूर्यप्रकाश मोजतो आहे, तेव्हा मोजणीपासूनच सुरुवात करतो.

अल्बेडो मोजायचं साधन अगदी साधं असतं. आडव्या दांडीवर दोन पायरॅनोमीटर बसवलेले असतात. काचेच्या छोट्या घुमटाखाली काळी चकती, असं त्यांचं रूप. एकाचं तोंड आकाशाकडे, दुसऱ्याचं जमिनीकडे. वरचा मोजतो तो आलेला प्रकाश, खालचा मोजतो तो परतलेला. परतलेल्याला आलेल्याने भागायचं. ताज्या बर्फावर हा आकडा ०.८ ते ०.९ येतो, हिरव्या गवतावर ०.२ ते ०.२५, दाट जंगलावर ०.१ ते ०.१५, आणि सूर्य माथ्यावर असताना शांत समुद्रावर जेमतेम ०.०५. 'अल्बेडो' हा शब्द प्रकाशमापनात आणला योहान लॅम्बर्टने, १७६० साली.

माझ्या पहिल्याच हंगामात आम्ही हिमाचलात, चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या एका हिमनदीवर अशी दांडी उभी केली होती. एका सकाळी नोंदवहीत आकडा आला १.७. म्हणजे आलेल्या प्रकाशापेक्षा परतलेला जास्त! तासभर तारा आणि जोडण्या तपासण्यात गेला. शेवटी दांडीपर्यंत चढून गेलो, तर वरच्या घुमटावर चार बोटं बर्फ साचलेलं. खालचा घुमट कोरडा ठणठणीत. रात्री बर्फ पडलं होतं आणि वरचा सेन्सर त्याखाली गाडला गेला होता. पुढे उतारावर दुसरा घोळ कळला. पूर्वेकडच्या उताराला सकाळचा सूर्य जवळजवळ समोरून भेटतो, पण आडव्या बसवलेल्या वरच्या सेन्सरवर तेच किरण तिरपे पडतात. त्यामुळे सकाळी अल्बेडो खोटाच जास्त येतो आणि दुपारनंतर खोटाच कमी. तेव्हापासून कुणी अल्बेडोचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो: कुठल्या लहरींचा, सूर्य कुठे असतानाचा आणि केवढ्या भागावरचा? हे तीन प्रश्न सोडून नुसता 'पांढरा की काळा' एवढाच विचार केला की तुमच्यासारखे पेच पडतात.

बर्फाचंच घ्या. भिंगातून पाहिलं तर ताज्या बर्फाचे कण बारीक रव्यासारखे दिसतात. दोन-चार दिवस ऊन लागलं, थोडं वितळलं, पुन्हा गोठलं की तेच कण साखरेच्या दाण्याएवढे होतात. डोळ्याला दोन्ही पांढरंच दिसतं. पण सूर्याची साधारण निम्मी ऊर्जा आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त लहरींत येते, आणि बर्फ दृश्य प्रकाश फारसा शोषत नसलं तरी अवरक्त लहरी चांगल्याच शोषतं. कण मोठा झाला की किरणाला बाहेर पडण्याआधी बर्फातून जास्त वाट कापावी लागते, म्हणून जास्त शोषण. रंग न बदलता अल्बेडो ०.८५ वरून ०.७० वर येतो, आणि बघणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. धूळ आणि काजळी याच्या उलट दृश्य प्रकाशातच घाव घालतात. मे महिन्यात आमच्या हिमनदीचा खालचा भाग माठासारखा तांबूस-मळकट झालेला असायचा. थरच्या वाळवंटातून आणि त्याही पलीकडून वाऱ्याने आलेली ती धूळ.

आता ०.८५ आणि ०.७० या दोन आकड्यांकडे नीट बघा. वाटतं, थोडाच फरक आहे. पण बर्फ वितळवतो तो परतलेला प्रकाश नव्हे, आत राहिलेला. शंभरातले पंच्याऐंशी परतले तर पंधरा राहिले. सत्तर परतले तर तीस. म्हणजे शोषण दुप्पट! दिवसभराची सरासरी ३०० वॉट प्रति चौरस मीटर धरली तर हा फरक ४५ वॉटचा. बर्फ आधीच शून्य अंशावर असेल तर एवढ्या उष्णतेत दिवसाला साडेअकरा मिलीमीटर पाण्याइतकं बर्फ जास्तीचं वितळतं. उन्हाळ्याचे तीन महिने हे चाललं तर मीटरभर पाणी. खालच्या गावांचं पाणी याच हिशोबावर चालतं, म्हणून हा विषय मला कधीच कोरडा वाटला नाही. गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ साली स्पितीत साडेतेरा हजार फुटांवर 'हिमांश' हे केंद्र सुरू केलं, ते हिमालयातल्या हिमनद्यांच्या अशाच अभ्यासासाठी. समुद्रकाठच्या गावातून हिमनद्यांची नोंद ठेवली जाते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हाच हिशोब अख्ख्या पृथ्वीला लावू. पृथ्वीपाशी सूर्याकडून दर चौरस मीटरला १३६१ वॉट येतात. गोलाचा पृष्ठभाग त्याच्या सावलीच्या चौपट असतो, म्हणून चाराने भागून सरासरी ३४० वॉट. त्यातले सुमारे १०० परत जातात, २४० राहतात. म्हणजे पृथ्वीचा अल्बेडो ०.२९ च्या आसपास. तो फक्त ०.०१ ने घसरला तर ३.४ वॉट जास्त आत राहतील. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर जेवढा भार पडतो, जवळपास तेवढाच. ही तुलना मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी करून दाखवतो. शंभरातला एक म्हणजे किरकोळ, ही समजूत इथे चालत नाही.

पण या ०.२९ मध्ये जमिनीचा आणि समुद्राचा वाटा लहान आहे. बहुतेक परतावा ढगांचा आणि हवेचा. ढग काढून टाकले तर पृथ्वीचा अल्बेडो जवळजवळ निम्म्यावर येईल. इथे एक कोडं आहे आणि ते मला फार आवडतं. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, दक्षिणेत समुद्र जास्त. जमीन समुद्रापेक्षा उजळ, तेव्हा उत्तरेने जास्त प्रकाश परतवायला हवा. प्रत्यक्षात उपग्रहांच्या नोंदींत दोन्ही गोलार्ध जवळपास सारखाच परतवतात. दक्षिणेचे जास्तीचे ढग ती तूट भरून काढतात. हा जमाखर्च इतका नेमका का जुळतो, याचं सर्वमान्य स्पष्टीकरण आजही नाही.

ढगांचं महत्त्व २०२३ साली चांगलंच दिसलं. त्या वर्षीची उष्णता हरितगृह वायू आणि एल निनो एवढ्यावर पुरती बसत नव्हती. जर्मनीतल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संशोधकांनी २०२४ च्या डिसेंबरात दाखवलं की त्या वर्षी पृथ्वीचा अल्बेडो त्यांनी तपासलेल्या नोंदींत सर्वांत खाली होता. मुख्य कारण खालच्या थरातल्या ढगांची घट. सुमारे ०.२ अंशाची वाढ त्यांनी या घटीच्या नावावर टाकली. ढग का घटले यावर वाद आहे. जहाजांच्या इंधनातलं गंधक २०२० पासून कमी झाल्याने हवा स्वच्छ झाली आणि ढगांचे थेंब ज्यांच्यावर धरतात ते कण घटले, हे एक कारण; नैसर्गिक चढउतार हे दुसरं; आणि तापलेल्या समुद्रावर खालचे ढग मुळातच कमी होतात, हे तिसरं. मला तिसऱ्याची भीती वाटते, कारण मग घसरण स्वतःलाच खतपाणी घालते.

आता शुक्र. त्याचा अल्बेडो ०.७६ च्या आसपास. गंधकाम्लाच्या ढगांनी तो पूर्ण झाकलेला आहे. सूर्याजवळ असल्याने त्याला सरासरी ६५० वॉट मिळतात, पण तीन चतुर्थांश परत जातात आणि आत उरतात १५६. पृथ्वीच्या २४० पेक्षा हे कमीच! नुसत्या अल्बेडोवर ठरलं असतं तर शुक्र उणे चाळीस-पंचेचाळीस अंशांवर गारठला असता. जमिनीवर मात्र ४६० अंश आहेत. अल्बेडो फक्त जमा किती ते ठरवतो. जमा झालेली उष्णता बाहेर पडायला किती अडते हे वातावरण ठरवतं, आणि शुक्राचं वातावरण पृथ्वीच्या नव्वदपट दाबाचं, जवळजवळ सगळंच कार्बन डायऑक्साइडचं आहे. आपल्याकडेही हेच थोड्या प्रमाणात चालतं. वातावरण उष्णता अडवत नसतं तर पृथ्वी उणे अठरा अंशांवर असती. आहे ती अधिक पंधराच्या आसपास.

चंद्राचं उत्तर डोळ्यांशी जोडलेलं आहे. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला ११-१२ टक्केच परत येतो. रात्रीच्या काळ्या आकाशासमोर, शेजारी तुलनेला काहीच नसताना, आपला डोळा त्याला पांढरा ठरवतो. जुलै २०१५ मध्ये डिस्कव्हर यानाच्या कॅमेऱ्याने पृथ्वीसमोरून सरकणाऱ्या चंद्राची चित्रं घेतली, ती जरूर बघा. निळी-पांढरी पृथ्वी झगझगीत आणि तिच्यापुढे चंद्र जुन्या रस्त्याच्या रंगाचा, मळकट. दोघांवर एकच सूर्य आहे, एकाच वेळी. शिवाय पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे चंद्रावरच्या धुळीच्या कणांच्या सावल्या कणांमागेच लपतात. अष्टमीच्या दुप्पट भाग उजळलेला, पण प्रकाश जवळजवळ दहापट!

कोनाचा प्रताप आपल्या विक्रम लँडरनेही दाखवला. चांद्रयान-३ ने ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरून जमिनीत तापमापी खुपसला. सूर्याकडे अवघ्या सहा अंशांनी कललेल्या त्या जागी दुपारी ८२ अंशांपर्यंत तापमान होतं. साधारण मीटरभर पलीकडे, सपाट जागी, ५९ अंश. माती तीच, रंग तोच. फरक केला तो उताराने.

ग्रहविज्ञानात अल्बेडोचा सगळ्यात व्यावहारिक उपयोग लघुग्रहांच्या आकारासाठी होतो. दुर्बिणीत लघुग्रह नुसता ठिपका असतो. तेवढाच उजेड छोटा उजळ दगडही देईल आणि मोठा काळा दगडही. ०.२५ ऐवजी ०.०४ अल्बेडो धरला की तोच ठिपका अडीचपट व्यासाचा ठरतो, म्हणजे घनफळ पंधरापट. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २०३२ साली पृथ्वीवर आदळेल की काय, अशी चर्चा २०२५ च्या सुरुवातीला झाली, तेव्हा त्याचा आकार '४० ते ९० मीटर' असा सांगत होते. इतकं सैल उत्तर का, म्हणून लोक चिडले होते. कारण हेच: अल्बेडो माहीत नव्हता. मग वेब दुर्बिणीने त्याची उष्णता पाहिली. काळा दगड कमी परतवतो, पण म्हणूनच जास्त तापतो आणि अवरक्तात उजळ दिसतो. दोन्ही नोंदी एकत्र केल्या की आकार सुटतो. उत्तर आलं सुमारे ६० मीटर. पृथ्वीला असलेला धोका तोवर कक्षेच्या गणितानेच मावळला होता.

अल्बेडो स्वतःला कसा वाढवत किंवा घटवत नेतो, याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण शनीच्या आयापिटस या चंद्राचं आहे. जोव्हानी कॅसिनीला तो १६७१ मध्ये पॅरिसहून दिसला, पण फक्त शनीच्या पश्चिमेला. पूर्वेला गेला की गायब. त्याने बरोबर ताडलं की याची एक बाजू काळी आहे आणि तो शनीला सतत एकच तोंड दाखवतो. पूर्वेकडे तो पाहायला त्याला १७०५ साल उजाडलं. कारण तीनशे वर्षांनी, त्याचंच नाव दिलेल्या यानामुळे उलगडलं. फीबी नावाच्या दुसऱ्या चंद्रावरून उडालेली काळी धूळ आयापिटसच्या पुढच्या, म्हणजे प्रवासाच्या दिशेकडच्या बाजूवर बसते. ती बाजू जरा जास्त तापते. ऐंशी दिवसांचा संथ दिवस, त्यामुळे तापायला भरपूर वेळ. तिथलं बर्फ बाष्प होऊन उडतं आणि थंड, उजळ बाजूवर जाऊन बसतं. काळी बाजू आणखी काळी, पांढरी आणखी पांढरी. सुरुवात धुळीच्या पातळ थराने झाली आणि आज एक बाजू कोळशासारखी, दुसरी बर्फासारखी.

पृथ्वीवर हाच फेरा बर्फाचा. १९६९ साली रशियात मिखाइल बुडिको आणि अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी वेगवेगळं गणित मांडून दाखवलं, की बर्फ ध्रुवांकडून एका मर्यादेपलीकडे खाली उतरलं तर थांबणार नाही. थंडीने बर्फ, बर्फाने परतावा, परताव्याने आणखी थंडी, असं विषुववृत्तापर्यंत. हे प्रत्यक्षात घडल्याच्या खुणा सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. तिथून सुटका केली ती ज्वालामुखींनी साठवत नेलेल्या कार्बन डायऑक्साइडने. सध्या फेरा उलटा फिरतो आहे. आर्क्टिक समुद्रावरचं सप्टेंबरमधलं बर्फ १९८० च्या दशकात ७० लाख चौरस किलोमीटरच्या घरात असायचं. २०१२ मध्ये ते ३४ लाखांवर आलं. उन्हाळ्यात जिथे ०.६ होतं तिथे ०.०६ चं काळं पाणी. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या तिप्पट-चौपट वेगाने तापतो, त्यामागचं हे एक मोठं कारण. एकमेव नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळं खापर बर्फावर फोडायची सवय लागली आहे.

आपल्या मान्सूनचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये लिहिलं, की हिमालयात बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत असलं की पाऊस कमी पडतो. १८८६ पासूनचे अंदाज या सूत्रावर उभे राहिले. पुढे नातं तितकं पक्कं नसल्याचं दिसलं, एल निनोही आला. तरी कल्पना चुकीची नव्हती: बर्फाची जमीन उशिरा तापते, थोडी परताव्यामुळे आणि थोडी वितळण्यात उष्णता खर्च झाल्यामुळे.

राहिला गच्च्यांचा प्रश्न, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे. जगातली सगळी छतं मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा हजारावा भाग धरा. त्यांचा अल्बेडो ०.४ ने वाढवला, तरी जागतिक हिशोबात वॉटच्या दहाव्या भागाच्या आतबाहेरच काहीतरी पडतं. तापमानवाढ त्याने थांबणार नाही. पण त्या छताखाली राहणाऱ्या माणसाचा हिशोब वेगळा आहे. १०० चौरस मीटरचं छत, दुपारचं ऊन ९०० वॉट, अल्बेडो ०.२ वरून ०.६: शोषण ३६,००० वॉटने कमी! हजार वॉटचे छत्तीस हीटर बंद केल्यासारखं. अहमदाबादने २०१३ च्या उष्माघात-प्रतिबंधक आराखड्यानंतर वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली, ती म्हणूनच.

मराठवाड्यात पूर्वी माळवदावर पांढरी माती टाकायचे. त्या घरांचा गारवा रंगापेक्षा मातीच्या जाडीचा होता, हे खरं. पण आता त्याच गावांत पत्रे आले आणि लोक म्हणतात, 'पत्रा तर चकाकतो, मग तापतो का?' चकाकतो हे बरोबर. नवा पत्रा निम्म्याहून जास्त प्रकाश परतवतो. पण जी उष्णता शोषतो ती तो अवरक्तात बाहेर टाकू शकत नाही, कारण चकचकीत धातू उष्णता फार हळू उत्सर्जित करतो. चुना उलट वागतो: प्रकाश परतवतो आणि उष्णताही भराभर सोडतो. एका चैत्रात लातूरजवळच्या वस्तीत पिस्तुलासारख्या तापमापीने मी पत्रा मोजला तर आकडा संशयास्पद कमी. हात ठेवून बघितला तर चटका बसला! तापमापी पत्र्याऐवजी त्यात परावर्तित झालेलं थंड आकाश मोजत होता. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून पट्टीचं तापमान घेतल्यावर खरा आकडा मिळाला. पांढऱ्या रंगाच्या जाहिरातींत 'इतके अंश कमी' असं लिहिलेलं दिसलं की विचारा, कशाने मोजलं? आणि धुळीचा हिशोब धरा. पहिल्या वर्षभरात रंगाचा बराचसा फायदा धुळीखाली जातो. पावसाळ्यानंतर छत धुतलं तर त्यातला मोठा भाग परत मिळतो.

झाडं लावण्याबद्दलही एक वाक्य, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. सायबेरिया किंवा कॅनडात बर्फाळ माळरानावर सूचिपर्णी जंगल वाढवलं, तर पांढरं बर्फ गडद झाडांखाली लपतं आणि तो भाग तापू शकतो. आपल्याकडे झाडं गडद असूनही पानांतून पाणी उडवून गारवा देतात, म्हणून तिकडचं उदाहरण देऊन इथलं झाड नाकारू नका.

घरी करून बघायचं असेल तर फोनवर प्रकाश मोजणारं ॲप घ्या. दुपारी बारा-एकच्या सुमारास, निरभ्र आकाशात, फोनचा पडदा आधी वर आणि मग जमिनीकडे धरा. जमिनीपासून अर्धा मीटर वर, आणि स्वतःची सावली चौकटीत येऊ देऊ नका. भागाकार करा. फोनला फक्त दृश्य प्रकाश कळतो, म्हणून हिरवळीचा आकडा पुस्तकातल्यापेक्षा फारच कमी येईल. पानं बहुतेक परतावा अवरक्तात देतात. मग काळ्या मातीचं एक वाफं घ्या. कोरडं असताना मोजा, अर्ध्यावर पाणी शिंपडा आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. ओल्या मातीत कणांमध्ये शिरलेलं पाणी प्रकाशाला पुढेपुढे ढकलत आत नेतं, बाहेर येऊ देत नाही, म्हणून ती काळीभोर दिसते. दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवा, आणि पहिला पाऊस झाल्यावर त्याच जागी तिसरा घ्या.